भाच्याचं एसआर-२२

अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत ‘एसआर-२२’ या गाडीच्या विम्याच्या कागदाचं नाव काढलं की दोनच प्रतिक्रिया येतात. बहुतेकांनी ते नावच ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलेलं असतं ते आवाज खाली करून विचारतात, “कुणाचं?”

आमच्या घरी ते भाच्याचं होतं. माझ्या नणंदेचा धाकटा मुलगा. एमएस करायला आला, मग सनीव्हेलला नोकरी लागली, आणि बे एरियातली भाडी बघून फ्रीमाँटला आमच्या मागच्या खोलीत राहायला आला तो राहिलाच. हे लिहायला त्याने दोन अटींवर परवानगी दिली आहे: नाव घालायचं नाही, आणि “मामी, शेवटी उपदेश नको.”

झालं ते थोडक्यात सांगते. २०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. सॅन होजेला कुणाचीतरी निरोपाची पार्टी होती. परत येताना ८८० वर हायवे पोलिसांनी थांबवलं आणि श्वासचाचणीत रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण ०.११ टक्के निघालं. कॅलिफोर्नियाची मर्यादा ०.०८. (भारतात ती ०.०३ आहे, म्हणजे कागदावर आपला कायदा कडक. फरक पडतो तो मर्यादा ओलांडल्यानंतर काय काय मागे लागतं त्यात.) अपघात नाही, कुणाला इजा नाही. रात्र कोठडीत गेली, गाडी टोइंगवाल्याच्या अंगणात. सकाळी तो घरी आला तेव्हा हातात एक गुलाबी कागद होता. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं होतं.

तो गुलाबी कागद आमच्याकडच्या कुणीही नीट वाचला नसता. तोच ३० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स असतो, आणि त्यातच लिहिलेलं असतं की सुनावणी हवी असेल तर १० दिवसांच्या आत डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, मागा. इथे दोन स्वतंत्र गाड्या एकाच वेळी सुटतात. एक कोर्टाची, दुसरी डीएमव्हीची. कोर्टात केस उभी राहायला महिने लागू शकतात. डीएमव्ही तोपर्यंत थांबत नाही, ती आपलं निलंबन आपल्या वेळापत्रकाने लावते. सांगलीहून नणंदेचा फोन आला, “वहिनी, दंड काय तो भरून टाका ना, मिटेल.” मी म्हटलं, “ताई, दंड हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.” त्यांना ते पटलं नाही, आणि मलाही तेव्हा ते पूर्ण कळलेलं नव्हतं.

वकील केला. त्याने सुनावणी वेळेत मागितली. ती झाली आणि निकाल भाच्याच्या विरुद्ध गेला. पहिल्या वेळेचं निलंबन चार महिन्यांचं असतं, पण तेवढे महिने घरी बसावंच लागतं असं नाही. काही गोष्टी पूर्ण केल्या तर मर्यादित लायसन्स मिळतं. वकिलाच्या ईमेलमध्ये त्या गोष्टींची यादी होती आणि त्यात तिसऱ्या ओळीवर नुसतं ‘एसआर-२२’. पुढे एक शब्द नाही. वकिलाला विचारलं तर म्हणाला, विमा एजंटला विचारा, त्याला कळतं.

घरातल्या विम्याच्या फायली माझ्याकडे असतात. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचं काम करते, तेव्हा कागद बघून मला घाबरायला होत नाही. म्हणून हे माझ्याकडे आलं.

एसआर-२२ हा विम्याचा प्रकार नाही. ते एक प्रमाणपत्र आहे आणि ते तुम्ही भरून देऊच शकत नाही. विमा कंपनी ते थेट राज्याला पाठवते. त्यात कंपनी लिहून देते की या माणसाकडे आमची पॉलिसी आहे, ती राज्याने ठरवलेल्या किमान रकमांपेक्षा कमी नाही, आणि ती रद्द झाली किंवा संपली तर आम्ही तुम्हाला कळवू. खरं वजन या शेवटच्या कलमात आहे. साध्या माणसाच्या बाबतीत राज्य गाडीच्या नोंदणीला जोडलेल्या विम्यावर भागवतं. गंभीर गुन्हा झाला की म्हणतं, आता तेवढ्यावर नाही, तुझ्यासाठी जामीनदार आण. जामीनदार म्हणजे कंपनी. आणि तुम्ही एक हप्ता चुकवलात की हाच जामीनदार राज्याकडे जाऊन सांगणार. त्या सांगण्याचाही वेगळा फॉर्म आहे, एसआर-२६. कॅलिफोर्नियात हे तीन वर्षं चालतं.

यामागचा इतिहास मी नंतर वाचला आणि मला तो फार अमेरिकन वाटला. मोटारी वाढल्या तेव्हा १९२५ साली कनेटिकटने कायदा केला तो असा की अपघात करून बसलेल्या माणसाने पुढच्या नुकसानीची ऐपत सिद्ध करावी. बाकीच्यांना काही विचारायचं नाही. सगळ्यांनाच विमा सक्तीचा करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, १९२७ पासून. आणि त्यानंतर दुसरं राज्य त्या वाटेला यायला जवळजवळ तीस वर्षं गेली, १९५६ ला न्यूयॉर्क. म्हणजे ‘आधी चूक करू दे, मग पुरावा मागू’ ही मूळची रीत, आणि एसआर-२२ तिच्याच वंशातलं. न्यू हॅम्पशायरमध्ये आजही साध्या ड्रायव्हरला विमा सक्तीचा नाही, पण दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात की तिथेही एसआर-२२ लागतं. उलट न्यूयॉर्कमध्ये हा फॉर्मच नाही.

आता कंपन्यांकडे वळते. भाच्याची स्वतःची पॉलिसी होती, एका मोठ्या, टीव्हीवर सतत दिसणाऱ्या कंपनीची. फोनवरच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की त्यांची ही शाखा एसआर-२२ फाइल करत नाही. मग दुसऱ्या कंपन्या. ऑनलाइन भाव काढताना एक चौकट येते, ‘तुम्हाला एसआर-२२ लागतं का?’ तिथे ‘हो’ वर टिचकी मारली की पुढचं पान एकतर भलत्याच आकड्याचं निघतं, नाहीतर ‘आमचा प्रतिनिधी संपर्क करेल’ असं. भाचा म्हणाला, “मामी, ‘नाही’ टाकून बघूया, निदान आकडा तरी कळेल.” आकडा कळला असता, पण तो त्याच्यासाठी नसता.

त्याची पुढची कल्पना मला आधी फार शहाणपणाची वाटली. कोरोला विकून टाकायची, कंपनीच्या बसने जायचं, आणि गाडी नसलेल्या माणसाची पॉलिसी घ्यायची. अशी पॉलिसी असते, तिला नॉन-ओनर म्हणतात. कुणाची गाडी कधीतरी चालवली तर ती लागू पडते, आणि ती स्वस्त असते. गाडी नसली तरी लायसन्स परत मिळवायला एसआर-२२ लागतंच, म्हणून पुष्कळ लोक हाच मार्ग धरतात. पण अर्जात प्रश्न आला: तुमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या गाड्या आहेत का? आहेत, आमच्या दोन. झालं. ज्याच्या दारात रोज दोन गाड्या उभ्या आहेत त्याला ‘गाडी नसलेला’ मानायला कंपन्या तयार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले नसते. वेगळ्या फ्लॅटमध्ये एकटा राहत असता तर जमलं असतं. मामा-मामीकडे राहतोय, भाडं वाचवतोय, या गोष्टीचा इथे तोटा झाला.

आणि तिथूनच प्रकरण आमच्या दारात आलं. कारण तोच प्रश्न आमच्या कंपनीनेही विचारला असता: तुमच्या घरात लायसन्स असलेलं आणखी कोण राहतं? आमची दोन गाड्यांची पॉलिसी आणि तिच्यावर दहा लाख डॉलरची अम्ब्रेला, म्हणजे मूळ पॉलिसीची रक्कम संपली की पुढे लागू पडणारा जादा विमा. अम्ब्रेलाच्या नूतनीकरणाच्या कागदात सरळ प्रश्न असतो, की घरातल्या कुणावर गेल्या काही वर्षांत डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, आहे का. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. खोटं लिहून वर्षभर हप्ते भरायचे आणि ऐन गरजेच्या दिवशी कंपनीने तोच कागद समोर ठेवायचा, हे मी माझ्या एका गिऱ्हाइकाचं झालेलं पाहिलं आहे.

मी एजंटला फोन केला. तो म्हणाला दोन मार्ग आहेत. भाच्याला तुमच्या पॉलिसीवर ड्रायव्हर म्हणून दाखवा, मग सगळ्या घराचा हप्ता त्याच्या रेकॉर्डवर ठरेल. किंवा त्याला नाव घालून वगळा. वगळणं म्हणजे एका पानावर सही करायची की हा माणूस आमची गाडी चालवणार नाही, आणि चालवली तर विमा शून्य. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गेला आणि कुणाला धडकला, तरी शून्य. मग समोरचा माणूस थेट आमच्या घरावर, बचतीवर दावा लावू शकतो.

नवरा बिथरला. “अगं, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. त्याला वगळायचं?”

“गाडीतून वगळतोय, घरातून नाही.”

“कागदावर त्याचं नाव घालून सही करायची म्हणजे...”

“म्हणजे तेच. मीही करणार, तूही कर.”

दोन संध्याकाळी घरात या एका सहीवरून धुसफूस झाली. नवऱ्याचं म्हणणं पैशाचं नव्हतंच. उद्या ताईला कळलं तर काय वाटेल, हे होतं. शेवटी भाच्यानेच सोडवलं. म्हणाला, “मामा, मला तुमच्या गाडीच्या किल्ल्या दिसणारसुद्धा नाहीत अशा ठेवा. मला बरं वाटेल.” किल्ल्या दाराजवळच्या हुकावरून आमच्या खोलीच्या कपाटात गेल्या. सह्या झाल्या. अम्ब्रेलावाल्यांनीही वगळल्याचा कागद मागून घेतला आणि पॉलिसी चालू ठेवली. माझं मत अजूनही तेच आहे: घरात एकाचं रेकॉर्ड बिघडलं तर बाकीच्यांच्या पॉलिसीशी त्याचा संबंध आधी तोडून घ्यावा, आणि भावना जेवणाच्या टेबलावर सांभाळाव्यात.

कोरोला ठेवायची ठरली. आता तिच्यासाठी कंपनी हवी होती. ती मिळाली हेवर्डला, मिशन बुलेवार्डवरच्या एका ब्रोकरकडे. टाको आणि टायरच्या दुकानांच्या मध्ये तिचं ऑफिस, काचेवर स्पॅनिश आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एसआर-२२. मी आयटीतल्या लोकांच्या वस्तीतून गेलेली; इतके दिवस ती पाटी रस्त्यावरून जाताना दिसत असणार आणि डोळ्यांनी टिपली नसणार. आत पाच-सहा माणसं, कुणी बांधकामावरचे बूट घातलेले, कुणी टाय लावलेला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ब्रोकरबाई मात्र सगळ्यांशी एकाच सुरात बोलत होती, रेशनकार्डावरचं नाव बदलून द्यावं तशी. तिने भाच्याला पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा विचारलाच नाही. विचारलं, “तारीख कुठली हवी?”

तिच्याकडून जे शिकले ते मला कुठल्याही वेबसाइटवर इतकं नीट मिळालं नाही. पहिलं, एसआर-२२ ची फाइलिंग फी अगदी किरकोळ असते. आमच्याकडून २५ डॉलर घेतले. महाग असतो तो गुन्हा. सहा महिन्यांचा कोरोलाचा हप्ता ७८० होता तो १,६९० झाला. वर ७५ डॉलर ब्रोकर फी, जी तिने वेगळ्या करारावर सही घेऊन दाखवली. कॅलिफोर्नियात ती अशी लिहून दाखवावीच लागते. दुसरं, एसआर-२२ तीन वर्षांनी सुटतं, पण डीयूआय ड्रायव्हिंग रेकॉर्डवर दहा वर्षं राहतो. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ ने चांगल्या ड्रायव्हरला किमान २० टक्के सवलत दिली आहे. डीयूआय झालेल्याला ती दहा वर्षं मिळत नाही. म्हणजे फॉर्मच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, खर्च त्या दहा वर्षांचा आहे. तिसरं, कुणीच घेतलं नाही तरी रस्ता बंद होत नाही. राज्याची एक योजना आहे ज्यात असे ड्रायव्हर कंपन्यांना वाटून दिले जातात. “पण तिथे जायची तुम्हाला गरज नाही,” ती म्हणाली, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा जरा रंग आला.

मग रकमांचा विषय निघाला. भाचा म्हणाला, “कायद्याने जेवढं कमीत कमी लागतं तेवढंच द्या.” त्याच्या डोक्यात आपल्याकडचं थर्ड पार्टी होतं. भारतात थर्ड पार्टी विमा घेतला की माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला रकमेची वरची मर्यादा नसते. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला. इथे तसं नाही. इथे तीन आकडे असतात. कॅलिफोर्नियात ते कित्येक दशकं १५/३०/५ होते, म्हणजे एका जखमी माणसामागे १५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ३० हजार आणि समोरच्याच्या गाडीला किंवा भिंतीला ५ हजार. १ जानेवारी २०२५ पासून ते ३०/६०/१५ झाले. दुप्पट-तिप्पट झाले तरी बे एरियात १५ हजारांत टेस्लाचा पुढचा भागसुद्धा दुरुस्त होईल की नाही शंका. एसआर-२२ ला एवढं किमान पुरतं. मी ब्रोकरला १००/३००/५० चा भाव विचारला. फरक सहा महिन्यांना दीडशेच्या आसपास होता. वर लिहिलेला १,६९० चा आकडा तोच आहे. ज्याच्या रेकॉर्डवर एक गुन्हा आहे त्याला पुढच्या अपघातात कोर्ट सहानुभूतीने बघणार नाही, तेव्हा किमान रकमेवर भागवणं याच माणसाला सगळ्यात कमी परवडतं. भाच्याने खांदे उडवले, पण सही केली.

पॉलिसी सुरू झाली, कंपनीने एसआर-२२ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलं, त्याची प्रत आमच्या हातात आली. आम्ही निवांत. आणि डीएमव्हीच्या रेकॉर्डवर ते दिसेना.

कारण आमची नावं. पासपोर्टात भाच्याचं नाव आपल्या पद्धतीने आहे: स्वतःचं आणि वडिलांचं मिळून ‘दिलेलं नाव’, आणि मग आडनाव. लायसन्सवर ते तसंच उतरलं. विमा कंपनीच्या फॉर्मात मात्र पहिलं नाव वेगळं आणि मधलं आद्याक्षर वेगळं. कंपनीच्या मागच्या ऑफिसात कुणीतरी वडिलांचं नाव कापून त्याचं एक अक्षर केलं, आणि वर लायसन्स क्रमांकातला एक आकडाही चुकीचा टाइप केला. एवढ्याने तो कागद कुणाच्याच खात्यावर चढला नाही. आमच्या हातातल्या प्रतीवर शिक्का, तारीख सगळं होतं, म्हणून आम्हाला संशयही आला नाही. कळलं ते भाच्याने डीएमव्हीच्या साइटवर दोन डॉलर भरून स्वतःचं रेकॉर्ड काढलं तेव्हा. त्यात निलंबन होतं, पुराव्याची नोंद नव्हती.

सॅक्रामेंटोला डीएमव्हीचं एक युनिट आहे, मँडेटरी अ‍ॅक्शन्स नावाचं. डीयूआयची निलंबनं तिथे हाताळतात. तिथे फोनवर थांबावं लागतं, पण जो माणूस मिळाला त्याने नीट सांगितलं: नाव लायसन्सवर आहे अक्षरशः तसंच हवं, क्रमांक बरोबर हवा, नवीन फाइलिंग पाठवायला सांगा. ब्रोकरबाईने त्याच दुपारी कंपनीला जुंपलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की एजंटला नाव तोंडी सांगू नका, लायसन्सचा फोटो पाठवा आणि एसआर-२२ ची प्रत हातात आली की तो फोटो शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. ज्याचं नाव ‘जॉन स्मिथ’ आहे त्याला हा ताप नाही. आपल्याकडे वडिलांच्या नावाशिवाय कागद पुरा होत नाही आणि इथल्या फॉर्मात वडिलांना जागा नाही.

बाकीच्या गोष्टी एकीकडे चालू होत्या. डीयूआयचा वर्ग, पहिल्या वेळेला आणि ०.२० च्या खाली असेल तर तीन महिने, ३० तास. त्यात नाव घातल्याचं प्रमाणपत्र डीएमव्हीला लागतं, डीएल १०७. गाडीत फुंकायचं यंत्र बसवायचं की नाही, याचा पर्याय होता. यंत्राशिवाय घेतलं तर आधी ३० दिवस अजिबात गाडी नाही, आणि नंतरही फक्त कामावर आणि वर्गाला. यंत्र बसवलं तर कुठेही जाता येतं, फक्त त्याच गाडीने. भाच्याने यंत्र घेतलं. गाडी सुरू करताना फुंकायचं, चालवताना मध्येच ते शिटी मारतं तेव्हा पुन्हा फुंकायचं, आणि ६० दिवसांच्या आत दुकानात नेऊन तपासून घ्यायचं. ते बसवल्याचं प्रमाणपत्र डीएल ९२०. हे दोन, एसआर-२२ आणि १२५ डॉलर, एवढं एकत्र झालं की मर्यादित लायसन्स. या चारांतलं तीन तुमच्या हातात असतं. चौथं कंपनीच्या संगणकात असतं, म्हणून अडतं ते तिथे.

कोर्टाचं नंतर मिटलं. गुन्हा कबूल, तीन वर्षं प्रोबेशन, दंड. मूळ दंड ३९० डॉलर, पण त्यावर राज्याचे, काउंटीचे, कोर्टाचे अधिभार चढत चढत तो दोन हजारांच्या वर गेला. ताईंना आकडा सांगितला नाही.

ज्या गोष्टीने त्याची झोप खरी उडाली ती यापैकी कुठलीच नव्हती. ती होती अमेरिकन वकिलातीची ईमेल: तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. डीयूआयची नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं असं करू शकतं, आणि २०१५ पासून ते सर्रास करतं. ईमेल वाचून भाच्याला वाटलं आता बॅगा भरायच्या. तसं नसतं. पासपोर्टातला शिक्का हा आत येण्यासाठी असतो, आत राहण्याची मुदत वेगळ्या कागदावर असते. तो इथे राहू शकत होता, नोकरी करू शकत होता. पण एकदा देशाबाहेर गेला की मुंबईत बीकेसीला पुन्हा व्हिसाची मुलाखत, आणि व्हिसा मिळण्याआधी त्यांच्या नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी, की हा माणूस व्यसनी नाही ना. त्याला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. त्याच्या चुलत बहिणीचं लग्न होतं डिसेंबरात. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून तो गेला नाही. इथे लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की डीयूआयचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील सहसा दोन वेगळी माणसं असतात, आणि कोर्टात काहीही कबूल करण्याआधी दुसऱ्याला विचारावं.

या सगळ्यात व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या बाईंशी बोलणं झालं. त्यांच्या घरीही हेच, ॲशबर्नला. त्या म्हणाल्या, “तुमचं एसआर-२२ ना? आमच्याकडे एफआर-४४.” हा प्रकार फक्त फ्लॉरिडा आणि व्हर्जिनियात आहे. फ्लॉरिडाने २००७ मध्ये आणला, व्हर्जिनियाने २००८ मध्ये. फरक असा की तिथे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला किमान रकमेवर सुटताच येत नाही. फ्लॉरिडात १००/३००/५० घ्यावंच लागतं. व्हर्जिनियात किमानाच्या दुप्पट, आणि २०२५ पासून तिथलं किमानच ५०/१००/२५ झाल्यामुळे दुप्पट म्हणजे १००/२००/५०. त्या बाई त्यावर चिडलेल्या होत्या. मला मात्र ते कॅलिफोर्नियापेक्षा जास्त सुसंगत वाटलं. ज्याच्या हातून धोका जास्त आहे असं राज्य स्वतःच म्हणतं, त्याच्यामागे समोरच्या माणसासाठी पैसेही जास्त हवेत. आमच्याकडे राज्य फक्त पहारा ठेवतं. पहारा कशावर, तर ३० हजारांवर.

मर्यादित लायसन्स आलं, मग यंत्राची मुदत संपली. आता उरलंय ते फक्त एसआर-२२, आणि त्याचं काम दिसत नाही म्हणूनच ते विसरलं जातं. भाच्याने पहिल्या महिन्यात हप्ता ऑटो-पेवर टाकला तो एका क्रेडिट कार्डावर. ते कार्ड काही महिन्यांनी बदलून नवं येणार होतं. ब्रोकरबाईने सांगितलं की तिच्याकडची निम्मी निलंबनं अशी होतात: माणूस शहाणा झालेला असतो, दारू सोडलेली असते, आणि कार्डाची मुदत संपते. कंपनी हप्ता न मिळाल्याची नोटीस पाठवते, ती जुन्या पत्त्यावर जाते, मग एसआर-२६ जातं, आणि गडी निलंबित लायसन्सवर रोज कामाला जात असतो. ते पुन्हा वेगळा गुन्हा. आम्ही कार्ड काढून सहा महिन्यांचे पैसे एकदम भरतो. त्यात थोडी सूटही मिळते.

यंदा तो सांता क्लारात मित्रांबरोबर राहायला गेला. पत्ता बदलला, पिनकोड बदलला, म्हणून मी पुन्हा भाव काढायला लावले, आणि दुसऱ्या एका कंपनीचा आकडा बराच कमी आला. भाचा लगेच जुनी पॉलिसी बंद करायला निघाला. त्याला थांबवलं. या व्यवहारात क्रम उलटा करायचा असतो: आधी नवी पॉलिसी सुरू, मग नव्या कंपनीचं एसआर-२२ डीएमव्हीकडे, मग ते रेकॉर्डवर चढल्याचं स्वतः बघायचं, आणि त्यानंतर जुनी कंपनी सोडायची. मध्ये एक आठवडा दोन्हीकडे पैसे गेले. लायसन्सचा फोटो या वेळी त्यानेच आधी पाठवला होता. नाव पहिल्या फटक्यात जुळलं. आम्हीही आमच्या कंपनीला कळवलं की तो आता इथे राहत नाही. वगळल्याचा कागद एजंटने तरी राहू द्या म्हटलं, शनिवार-रविवारी तो जेवायला येतोच, म्हणून तो काढला नाही.